धोरणांची अनिश्चितता आणि कार्बन उत्सर्जन : अभ्यास करताना या चुका टाळा

विकसनशील देशांत आर्थिक धोरणे अनिश्चित झाली की कार्बन उत्सर्जन वाढते की घटते, या प्रश्नावर प्रबंध लिहिताना बहुतेक चुका रिग्रेशन (एका घटकाचा दुसऱ्यावरील परिणाम अंदाजणारे संख्याशास्त्रीय समीकरण) चालवण्याच्या आधीच, म्हणजे आकडे निवडतानाच झालेल्या असतात.

पहिली चूक निर्देशांकाबाबतची. बेकर, ब्लूम आणि डेव्हिस या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडलेला आर्थिक धोरण अनिश्चितता निर्देशांक प्रत्यक्षात वृत्तपत्रांतील लेखांची मोजणी आहे : अर्थव्यवस्था, धोरण आणि अनिश्चितता या तिन्ही विषयांचे शब्द ज्या लेखात एकत्र येतात, तो लेख मोजला जातो. भारतासाठी यात सात वृत्तपत्रे घेतली आहेत आणि सातही इंग्रजी आहेत, त्यामुळे कांद्याच्या निर्यातबंदीवरून लासलगावात उडणाऱ्या गोंधळावर मराठी वृत्तपत्रे जे रकानेच्या रकाने लिहितात, ते या मोजणीत येत नाहीत. शिवाय प्रत्येक देशाची मालिका त्या देशाच्याच सरासरीला १०० मानून तयार होते. म्हणून भारताचा आकडा ब्राझीलपेक्षा कमी दिसला, एवढ्यावरून भारताची धोरणे अधिक स्थिर ठरत नाहीत. तुलना करायचीच असेल, तर ती त्याच देशातील चढउतारांची करावी.

ऊर्जेचा वापर हा स्पष्टीकरण देणारा चल (बदलता घटक) म्हणून समीकरणात घालणे, ही चूक तर छापील शोधनिबंधांतही आढळते. इंधनजन्य कार्बन डायऑक्साइड कोणी धुराड्यापाशी उभे राहून मोजत नाही. जळालेल्या इंधनाला उत्सर्जन गुणांकाने (इंधनाच्या दर एककामागे किती वायू सुटतो त्या आकड्याने) गुणून तो आकडा काढला जातो. तेव्हा ०.९९ च्या आसपासचा आर-वर्ग (समीकरण आकड्यांशी किती जुळते हे सांगणारे, जास्तीत जास्त १ असणारे माप) मिळाल्याचा आनंद मानू नये. अनिश्चिततेचा परिणाम ज्या वाटेने उत्सर्जनापर्यंत पोहोचतो, ती वाटच आपण अशाने बंद केलेली असते.

सहगुणकाचे, म्हणजे समीकरणात अनिश्चिततेचा परिणाम दाखवणाऱ्या आकड्याचे, अधिक-उणे चिन्ह अपेक्षेच्या उलट आले, तर चल बदलत बसण्याआधी कालावधी तपासावा. अनिश्चिततेत कारखाने उत्पादन आवरते घेतात आणि उत्सर्जन काही काळ घटते, पण त्याच वेळी स्वच्छ ऊर्जेतील गुंतवणूकही लांबणीवर पडते आणि तिचा परिणाम काही वर्षांनी दिसतो. सौर प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच करावा लागत असल्याने धोरणातील धरसोड त्याला उभ्या असलेल्या कोळसा केंद्रापेक्षा अधिक जाचते. २०१७ च्या मे महिन्यात राजस्थानातील भाडला येथील लिलावात सौर विजेचा दर प्रतियुनिट २.४४ रुपयांपर्यंत उतरला होता. ३० जुलै २०१८ रोजी आयात सौर पॅनेलवर २५ टक्के संरक्षक शुल्क लागू झाले. ओडिशा उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे त्याची वसुली अडली आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. मधल्या काळात बोली लावणाऱ्याने पॅनेलची किंमत काय धरायची? पुढच्याच वर्षी आंध्र प्रदेश सरकारने आधीच झालेल्या वीजखरेदी करारांचे दर कमी करून घेण्यासाठी समिती नेमली आणि तो वाद २०२२ पर्यंत उच्च न्यायालयात चालला.

मासिक निर्देशांकाची वार्षिक सरासरी काढली, की २०१८ मधले हे काही आठवडे दिसेनासे होतात. शक्य असेल तेथे वीजनिर्मितीची मासिक आकडेवारी वापरावी. उत्सर्जनाचे वार्षिक आकडेच हाताशी असतील, तर किमान दोन-तीन वर्षांचे लॅग, म्हणजे आधीच्या वर्षांतील अनिश्चिततेचा नंतरच्या उत्सर्जनावरील परिणाम, तपासावेत. २०२० हे वर्षही जपून हाताळावे. त्या वर्षी अनिश्चितता वाढली आणि उत्सर्जन घटले, पण दोन्हींमागे टाळेबंदी होती, आणि २०२१ मध्ये उत्सर्जन पुन्हा वर गेले.

सगळ्या विकसनशील देशांना एकाच पॅनेलमध्ये (अनेक देशांच्या अनेक वर्षांच्या आकड्यांच्या एकत्रित संचात) कोंबण्याचा मोहही आवरावा. ब्राझीलच्या उत्सर्जनाचा मोठा भाग जंगलतोडीतून येतो आणि तो इंधनजन्य मालिकेत नसतो. त्या देशासाठी जमीनवापरातील बदल धरणारी मालिका घ्यावी, अन्यथा त्याला पॅनेलमधून वगळून कारण तळटीपेत स्पष्ट लिहावे.