मुंबईच्या गच्चीवर बुटक्या कोंबड्या पाळताना

बुटक्या म्हणजे बँटम कोंबड्यांत दोन प्रकार दिसतात. ऱ्होड आयलंड रेडसारख्या मोठ्या जातीतून निवडीने लहान केलेल्या कोंबड्या हा एक, आणि मुळातच लहान असलेल्या सेब्राइट, जपानी बँटम किंवा मलेशियातील सेरामा हा दुसरा. सेरामाचे वजन तर बहुधा अर्ध्या किलोच्या आतच राहते.

मुंबईत जात निवडताना रूपाआधी पावसाचा विचार करावा. सिल्कीच्या पिसांचे तंतू एकमेकांत अडकत नसल्याने पाणी ओघळून न जाता कातडीपर्यंत मुरते, तर कोचीन बँटमच्या पायांवरची पिसे ओल्या तुसात लडबडून जातात. छप्पर भक्कम नसेल, तर या दोघींचा मोह टाळलेला बरा. जपानी बँटम देखणी खरी, पण तिच्या आखूड पायांचा गुण आई-बाप दोघांकडून आला की पिल्लू अंड्यातच दगावते. म्हणून आखूड पायांच्या जोडीची सुमारे पाव अंडी वाया जातात. नवख्याने घट्ट पिसांची, उघड्या पायांची जात घ्यावी.

विकत घेताना पक्षी हातात धरून नाकपुड्या कोरड्या आहेत का ते पाहावे, पंखाखाली फुंकर घालून पिसवा शोधाव्यात आणि पायांवरचे खवले उचललेले असल्यास पक्षी परत करावा. कोंबड्याशिवायही कोंबड्या अंडी देतात, त्यामुळे पहाटेच्या आरवण्यावरून सोसायटीत वाद ओढवून घेण्याचे कारण नाही.

खुराडे जमिनीपासून उंच असावे आणि त्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी बसवावी, कारण पातळ जाळी घूस सहज कुरतडते; शिवाय बँटम चांगल्या उडत असल्याने वरची बाजूही बंद हवी. लेयर खाद्यासोबत, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यासोबत, तिसऱ्यांचे शिंपले धुऊन, वाळवून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवल्यास अंड्यांचे कवच पक्के राहते. राणीखेत, म्हणजे मानमोडीची, लस चुकवू नये. देवीचा रोग डासांमार्फतही पसरतो, म्हणून त्या लसीबद्दल पावसाळ्यापूर्वीच पशुवैद्यांना विचारावे.

यांतल्या बऱ्याच जाती, विशेषतः सिल्की, वारंवार खुडूक बसतात, म्हणजे अंडी देणे थांबवून ती उबवायला बसतात. पिल्ले हवी असतील तर फलित अंडी खाली ठेवून सुमारे 21 दिवस वाट पाहावी. नको असतील तर जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात पाणी-खाद्यासह तीन-चार दिवस ठेवावे, म्हणजे पोटाला खालून वारा लागून खुडूक मोडते.