मध्ययुगीन आयर्लंडमधील गुरांच्या धाडींच्या नोंदी वाचताना या चुका टाळा

१५व्या शतकातील आयर्लंडच्या एखाद्या परगण्याचा इतिहास वाचायला घेतला की एकच नोंद पुन्हा पुन्हा भेटते: अमक्याने तमक्याच्या मुलखावर धाड घातली आणि गुरे हाकून नेली. तिला निव्वळ लूटमार समजणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. नाण्यांचा वापर तुरळक असलेल्या गेलिक (आयरिश भाषा आणि चालीरीती पाळणाऱ्या सरदारांच्या) मुलखात गुरे हीच दौलत होती, आणि ती गमावलेल्या शेजाऱ्याला बहुधा शरण येऊन खंडणी कबूल करावी लागे. नव्या सरदाराने गादीवर येताच धाड घालून आपली कुवत सिद्ध करावी, अशी तर रीतच होती. म्हणून गुरांच्या आकड्याआधी तारीख पाहावी: त्या सुमारास कोणी गादीवर आले होते का, कोणी खंडणी थकवली होती का? मृतांची नावेही नजरेआड करू नयेत. गुरे सावकाश चालतात, पाठलाग करणारे त्यांना गाठतात, आणि पिछाडी सांभाळणारे, कित्येकदा सरदाराचेच मुलगे किंवा पुतणे, परतीच्या वाटेवर पडतात. एका ओळीच्या नोंदीमागे असे घर उद्ध्वस्त झालेले असते.

प्रत्येक लढाई आयरिश विरुद्ध इंग्रज अशी मांडू नये. १५०४ मध्ये गॉलवेजवळ नॉकडो येथे इंग्लंडच्या राजाचा प्रतिनिधी असलेला किल्डेअरचा अर्ल लढला, तेव्हा उत्तरेकडील अल्स्टर प्रांताचे गेलिक सरदार त्याच्या बाजूने होते आणि समोर होता इंग्लंडहून आलेल्या नॉर्मन वंशाचा, पण चालीरीतींनी गेलिक झालेला क्लॅनरिकार्डचा बर्क. कूळही एकसंध मानू नये, कारण गादी थोरल्या मुलालाच मिळेल असा नियम नसल्याने चुलते आणि पुतणे एकमेकांवर धाडी घालत.

नावांची गल्लत मात्र हमखास होते. अल्स्टरमधील ओ'डॉनल कुळाचेच पाहा: नुसते 'ओ'डॉनल' म्हटले की तो कुळप्रमुख. आणि ह्यू रो ओ'डॉनल नावाचा एक प्रमुख १५०५ मध्ये वारला, तर दुसरा १६०२ मध्ये स्पेनमध्ये. मृत्यूचे वर्ष जोडल्याशिवाय असे नाव टिपून ठेवू नये.

नोंद नाही म्हणजे शांतता होती, असेही समजू नये. 'अल्स्टरच्या वर्षनोंदी' संकलित करवणारा काहल मॅकमॅनस (मृत्यू १४९८) मॅग्वायर सरदारांच्या मुलखात, अर्न सरोवरातील बेटावर राहत होता. साहजिकच मॅग्वायरांच्या फर्माना (Fermanagh) या मुलखातील धाडी त्या वर्षनोंदींत दाट दिसतात आणि दूर दक्षिणेकडील मन्स्टर प्रांतातील विरळ.