जुन्या सीएनसी मशीनला लॅपटॉप कसा जोडावा

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कितीतरी वर्कशॉपमध्ये अजून अशी सीएनसी (प्रोग्रॅमवर चालणारी, धातू कापणारी) मशीनं आहेत, ज्यांना यूएसबी माहीतच नाही. कंट्रोलच्या बाजूला २५ पिनांचं एक पोर्ट असतं आणि प्रोग्रॅम आत जायचा तो तिथूनच. कंट्रोल म्हणजे शेवटी एक कॉम्प्युटरच. म्हणजे काम एवढंच, की दोन कॉम्प्युटरांनी एका तारेवरून एकामागून एक बिट पाठवायचे. तरी लोक त्यात अख्खी शिफ्ट घालवतात, कारण पहिला सल्ला मिळतो तो ‘बॉड रेट, म्हणजे बिट पाठवायचा वेग, बदलून बघा’. कृपा करून बघू नका. केबल मल्टिमीटरने तपासल्याशिवाय सेटिंगला हात लावायचा नाही. पुढचे पिन नंबर फानुक कंपनीच्या कंट्रोलचे आहेत; दुसरा कंट्रोल असेल तर त्याचं मॅन्युअल उघडा.

यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर घ्या, ड्रायव्हर टाका, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर बघून ठेवा. कन्व्हर्टर ठीक आहे का हे कळायला त्याच्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडा, टेरा टर्म हा टर्मिनल प्रोग्रॅम उघडा आणि काहीही टाइप करा. टाइप केलेलं परत स्क्रीनवर उमटलं की झालं. फक्त लोकल एको (टाइप केलेलं स्वतःच दाखवणारी सोय) आणि फ्लो कंट्रोल (समोरच्याला ‘थांब’, ‘चालू कर’ सांगायची सोय) दोन्ही बंद हवेत.

केबल शील्ड (गोंगाट अडवणारं धातूचं वेष्टन) असलेली मल्टिकोअर, म्हणजे आत अनेक तारा असलेली, घ्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत मीटरच्या मापाने मिळते. शील्ड एकाच टोकाला जोडा. या पोर्टचं आरएस-२३२-सी हे १९६९ चं मानक, आणि त्यात १५ मीटरपर्यंतचीच शिफारस आहे. अंतर जास्त असेल तर आरएस-४८५ चे कन्व्हर्टर लावा. तिथे पीळ दिलेल्या जोडीच्या दोन तारांमधला फरक वाचला जातो, दोन्हींवर सारखाच आलेला गोंगाट गळून पडतो आणि कमी वेगात १२०० मीटरपर्यंत मजल जाते. वाटेत वेल्डिंगचा विभाग असेल तर सरळ फायबर टाका. प्रकाशाला ठिणग्यांचं सोयरसुतक नसतं.

आता जोडणी. सुरुवातीला मलाही हिनेच रडवलं होतं.

‘२ आणि ३ क्रॉस करा’ हे वाक्य तुम्ही दहा जणांकडून ऐकाल. दोन्ही टोकांना कॉम्प्युटरचं ९ पिनी पोर्ट असेल तर ते बरोबर आहे. पण ९ पिनी पोर्टवर २ नंबरची पिन ऐकते आणि ३ नंबरची बोलते. २५ पिनी पोर्टवर नेमकं उलटं, २ बोलते आणि ३ ऐकते. त्यामुळे ९ कडून २५ कडे जाताना २ ला २ आणि ३ ला ३ सरळ जोडलं, की क्रॉस आपोआप होतो. इथे आणखी क्रॉस केलात तर बोलणारा बोलणाऱ्याला भिडतो आणि दोन्हीकडे शांतता. ग्राउंड मात्र ९ पिनीच्या ५ वरून २५ पिनीच्या ७ वर.

पाठ करण्यापेक्षा मोजा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी प्रोब ग्राउंडवर, लाल प्रोब २ आणि ३ वर आळीपाळीने. बोलणारी पिन काही पाठवत नसतानाही उणे दाखवते, साधारण −५ ते −१२ व्होल्ट. ऐकणारी शून्याजवळ असते. एका टोकाची उणे पिन दुसऱ्या टोकाच्या शून्य पिनेला गेली पाहिजे, बाकी कुणाचंही ऐकू नका. सोल्डर करताना कनेक्टरच्या प्लॅस्टिकवर पिनेशेजारी कोरलेले बारीक आकडे भिंगातून वाचा. मागून बघताना क्रम आरशातल्यासारखा उलटतो आणि अंदाजाने डाग दिला की चुकतोच.

मग मशीनच्या टोकाला, कनेक्टरच्या आतच, ४ आणि ५ एकमेकांना जोडा; ६, ८ आणि २० एकत्र जोडा. समोरचा तयार आहे अशी कंट्रोलची समजूत त्याने पटते. लॅपटॉपच्या टोकाला तसंच ७-८ आणि १-४-६. आणि बजावून सांगतो: २५ च्या २५ तारा सरळ नेणारी तयार केबल लावू नका. फानुकच्या त्या पोर्टवर २५ नंबरच्या पिनेवर +२४ व्होल्ट असतात. मशीन बंद करूनच केबल लावा, लॅपटॉपचा चार्जर काढून.

सेटिंग दोन्हीकडे एकच: ४८०० बॉड, ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी (चूक पकडायला जोडलेला एक बिट), २ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल एक्सऑन-एक्सऑफ, म्हणजे ‘चालू’-‘थांब’ची खास अक्षरं पाठवून. स्टार्ट बिट धरून एका अक्षराला ११ बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ४३६ च्या आसपास अक्षरं. घाई असेल तर ९६०० करा, पण आधी एकदा ४८०० वर नीट चालू द्या.

फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी % हवंच. पाठवण्याआधी मशीनमधले पॅरामीटर आणि प्रोग्रॅम लॅपटॉपवर उतरवून घ्या. मग एडिट मोडमध्ये आधी मशीनवर रीड दाबा, स्क्रीनवर एलएसके ही अक्षरं लुकलुकू द्या आणि त्यानंतरच लॅपटॉपवरून पाठवा.

अडलंच तर अलार्मचा नंबर वाचा. ०८६ म्हणजे डीआर (समोरचा तयार आहे हा) सिग्नल नाही: ६-८-२० चा जोड सुटलाय. ०८५ म्हणजे अक्षरं पोचतायत पण वाचता येत नाहीत. बॉड रेट आणि पॅरिटी बघायची वेळ ही, आधी नाही. ०८७ म्हणजे मशीनने थांब म्हटल्यावरही लॅपटॉप पाठवतच राहिला. एक्सऑन-एक्सऑफ चालू असूनही ०८७ येत असेल, तर कन्व्हर्टर आपल्या बफरमधला (तात्पुरत्या साठ्यातला) माल तसाच पुढे ढकलतोय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन ट्रान्समिट बफर अगदी कमी करा. तरी सुधारलं नाही तर कन्व्हर्टर बदला, मशीनचे पॅरामीटर उचकू नका.