बोटीवर आजारी पडलात तर भरपाईचा दावा कसा लावायचा

मराठवाड्यातून मर्चंट नेव्हीत गेलेल्या पोराच्या घरी बोटीचं कामकाज कुणाला फारसं ठाऊक नसतं. तो आजारी पडून गावी येतो, घरचे दवाखाना करतात आणि कागद मात्र बोटीवरच राहतात. दावा तिथंच लंगडा होतो.

दुखणं सुरू झालं त्याच दिवशी कॅप्टनला किंवा चीफ ऑफिसरला लेखी द्या. 'पाठ दुखते' असं मोघम नको. '12 तारखेला पहाटेच्या वॉचला मूरिंगचा दोर ओढताना कमरेत कळ आली, डावा पाय बधिर झाला' असं हवं. लॉगबुकात आणि औषधांच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली का ते बघा, मोबाइलवर फोटो काढा. दुखणं अंगावर काढलं, गोळी मागून घेतली आणि नोंदच नाही, तर पुढं कंपनी म्हणणार, बोटीवर याला काही झालंच नव्हतं.

आणखी एक फोटो लगेच काढून ठेवा. एमएलसी 2006 या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे विम्याची दोन प्रमाणपत्रं बोटीवर सगळ्यांना दिसतील अशी लावलेली असतात. एक घरी पाठवण्याच्या खर्चाचं, दुसरं मृत्यू आणि अपंगत्वाच्या भरपाईचं. दुसऱ्यावर विमा देणाऱ्याचं नाव आणि पत्ता असतो. बहुतेक वेळा तो पी अँड आय क्लब, म्हणजे जहाजमालकांची एकत्र विमा संस्था, असतो आणि त्याच्याकडे थेट दावा करता येतो.

साइन-ऑफच्या, म्हणजे बोटीवरचं काम सोडून उतरण्याच्या कागदावर कारण 'मेडिकल' असंच हवं. 'स्वतःच्या विनंतीवरून' असं लिहिलेलं असेल तर सही करू नका. याच एका ओळीवर दावे अडकतात.

मुंबईत उतरलात की थेट देवगिरी एक्स्प्रेस धरू नका. आधी कंपनीला आणि आरपीएसएल एजंटला (तुमची भरती करणाऱ्या परवानाधारक एजंटला) ईमेल करून कंपनीच्या डॉक्टरकडे तपासणी मागा आणि रिपोर्टची प्रत घ्या. कळवायची मुदत काँट्रॅक्टमध्ये वाचा. आजारपणाचा पगार आणि उपचाराचा खर्च किती काळ मिळेल हेही त्यातच असतं. एमएलसीप्रमाणे मालकाला पगार आणि उपचाराचा हा काळ 16 आठवड्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही.

गावी आल्यावर मोह होतो तो शेतात हात लावायचा. पेरणी तोंडावर, घरात माणूस कमी, हे खरं आहे. पण कमरेचा दावा चालू असताना पाठीवर 16 लिटरचा फवारणीचा पंप घेतला, तर दुखणं शेतातलंच आहे असं म्हणायला कंपनीला जागा मिळते. तेवढे महिने दुसऱ्याला लावा.

संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात यूडीआयडीसाठी (दिव्यांग ओळखपत्रासाठी) मिळालेला अपंगत्वाचा टक्का म्हणजे दाव्याचा टक्का नव्हे. ते प्रमाणपत्र सरकारी सवलतींसाठी. दाव्यात काँट्रॅक्टमधला तक्ता चालतो, आणि तुम्ही पुन्हा बोटीवर काम करू शकता का हा प्रश्न महत्त्वाचा. आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अनेक करारांत 50 टक्के किंवा जास्त अपंगत्व ठरलं, किंवा टक्का कमी असूनही समुद्रसेवेला कायमचं अपात्र असं डॉक्टरनं लिहिलं, तर पूर्ण रक्कम मिळते. म्हणून तुमच्या डॉक्टरकडून नुसता टक्का नको. 'इंजिन रूमच्या शिड्या चढणं, 20 किलो उचलणं जमणार नाही' अशा भाषेत लिहून घ्या. कंपनीचा डॉक्टर वेगळं म्हणाला तर दोन्ही बाजूंच्या संमतीनं तिसरा डॉक्टर नेमायची सोय या करारांत असते. ती लेखी मागा.

भरतीच्या मेडिकलला बीपी किंवा शुगर जाणूनबुजून लपवली असेल तर मालक जबाबदारी नाकारू शकतो. पण तेव्हा माहीतच नसलेला आजार म्हणजे लपवणं नव्हे. तसं उत्तर आलं तर जुने रिपोर्ट जोडून लेखी विरोध करा.

कंपनी दाद देत नसेल तर आपल्या युनियनकडे जा आणि मुंबईत डीजी शिपिंग या जहाज वाहतुकीच्या सरकारी कार्यालयाकडे तक्रार नोंदवा. सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), इंडोस नंबर (खलाशाचा सरकारी नोंदणी क्रमांक), काँट्रॅक्ट, साइन-ऑफचा कागद आणि सगळे रिपोर्ट एकाच फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून न्या.

चेक देताना पुढं केलेली पावती घरी आणून शांतपणे वाचा. काँट्रॅक्टमधल्या रकमेपेक्षा कमी घ्यायला दबाव आणणं एमएलसीच्या विरोधात आहे. एमएलसीतल्या नमुना पावतीत मालकाच्या निष्काळजीपणाबद्दल कोर्टात जायचा हक्क शाबूत राहतो. तुमच्या पावतीत तो काढून टाकला असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.