गेमप्ले प्रोग्रामरच्या मुलाखतीला जाण्याआधी

हातात दोन आठवडे असतील तर आधी स्वतःचा एक छोटा गेम पुरा करा. पाच अर्धवट गेमपेक्षा मेनू उघडणारा, हरता येणारा आणि हरल्यावर पुन्हा सुरू होणारा एकच गेम मला मोलाचा वाटतो. त्याचा मिनिटभराचा व्हिडिओ काढा; सुरुवातीला लोगो नको, थेट खेळच दिसू द्या. गटात केलेला असेल तर त्यात तुमचा वाटा नेमका किती, तेही लिहा. आधीच्या कंपनीतला कोड मात्र दाखवायचा नाही.

मग गणित. इथे घाई नको. गेममधल्या पहारेकऱ्याला खेळाडू दिसतोय का, हे कागदावर सोडवा. पहारेकऱ्याची समोरची दिशा आणि खेळाडूकडे जाणारी दिशा, दोन्ही व्हेक्टर नॉर्मलाइझ करून (म्हणजे लांबी 1 करून) त्यांचा डॉट प्रॉडक्ट, म्हणजे त्यांच्यातल्या कोनाचा कोसाइन, काढायचा. नजरेचा कोन 90 अंश असेल तर उत्तर साधारण 0.707 च्या वर हवं, कारण एका बाजूला 45 अंशच येतात. अंतर तपासताना वर्गमूळ कशाला? वर्गांचीच तुलना करा. मध्ये भिंत असली तर काय, हे मुलाखत घेणाऱ्यांनी विचारायच्या आत तुम्हीच काढा. रेकास्ट, म्हणजे सरळ रेषा टाकून मध्ये काही आडवं येतं का ते पाहणं, महाग, म्हणून स्वस्त तपासण्यांतून जे उरतील त्यांच्यासाठीच तो करायचा, हे कारणासकट सांगता यायला हवं. गिंबल लॉक (फिरवताना दोन अक्ष जुळून एक दिशा हरवणं) आणि क्वाटर्नियन (वस्तूचं फिरणं चार आकड्यांत मांडायची पद्धत) दोन वाक्यांत समजावता आले तरी पुरे.

60 एफपीएसला (सेकंदाला 60 फ्रेम) एका फ्रेमसाठी 16.67 मिलिसेकंद मिळतात, हे पाठ असतंच. तुमच्या गेममध्ये ते कशात खर्च होतात, हे प्रोफायलर (कुठे किती वेळ जातो ते मोजणारं साधन) लावून पाहिलंय का? बंदुकीच्या गोळ्या ऑब्जेक्ट पूलमधून (आधीच बनवून पुन्हा पुन्हा वापरायच्या वस्तूंच्या साठ्यातून) घेतल्या असतील तर आधीचा आणि नंतरचा आकडा वहीत असू द्या. मला विचाराल तर सगळ्या तयारीत हेच पान सर्वांत महत्त्वाचं. सी प्लस प्लसमध्ये पॉइंटर, व्हर्च्युअल फंक्शन आणि प्रोसेसरची कॅश मेमरी यांवर हात फिरवा.

जिथे मुलाखत आहे त्या स्टुडिओचा गेम खेळाच, आवडीचा नसला तरी. पुण्याच्या युबिसॉफ्टने ‘जस्ट डान्स’ या नाचाच्या गेमवर काम केलंय, तिथे अर्ज करताना ‘मी फक्त शूटर खेळतो’ म्हणून चालणार नाही. कंट्रोलरचं बटण दाबल्यावर काय, किती पटकन घडतं, ते टिपून ठेवा.

घरी करायची टेस्ट मिळाली तर काय राहिलं आणि का राहिलं, हे सोबत लिहून द्या. आदल्या संध्याकाळी तुमचा बिल्ड (गेमची चालवता येणारी तयार प्रत) मित्राच्या लॅपटॉपवर, इंटरनेट बंद करून, एकदा चालवून बघा.