घराला रंग द्यायच्या आधी तो फोटोवर देऊन बघा

दिवाळी जवळ आली की नागपुरात गल्लोगल्ली रंगकाम निघतं, आणि बहुतेक घरी रंग ठरतो तो शेड कार्डवरच्या बोटभर चौकटीवरून. कार्डवर सौम्य दिसणारा पिवळा दोन मजल्यांवर चढला की मग अंगावर येतो, कारण जागा मोठी झाली की रंग जास्त भडक वाटतो आणि वरून आपलं ऊन. म्हणून पेंटरला ॲडव्हान्स द्यायच्या आधी एक संध्याकाळ फोटो एडिटिंगला द्याच राजेहो, पैसे लागत नाहीत, गिंप (GIMP) हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि तसंच फोटोपी (Photopea) तर ब्राउझरमध्येच चालतं, फोटो त्यांच्या सर्व्हरवर जात नाही, आपल्याच कॉम्प्युटरवर राहतो.

सगळ्यात महत्त्वाचा आहे मूळ फोटो. घराला चिकटून उभं राहून काढू नका, वाइड लेन्सने भिंती तिरक्या होतात, रस्त्याच्या पलीकडे जा, समोरच्यांच्या गच्चीवर जाता आलं तर फारच छान. दुपारी बाराचं ऊन टाळा, त्यात सज्ज्याखाली काळीकुट्ट सावली आणि बाकी भिंत पांढरीफट्ट, त्यावर काहीच नीट बसत नाही. सकाळी नऊच्या आसपास एक फोटो, आणि घर पश्चिममुखी असेल तर चार-साडेचारला दुसरा. शेजारची घरं फोटोतून कापू नका. रंग एकटा कधी दिसतच नाही, शेजारचा रंग त्याला बदलवतो, फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी हे १८३९ मध्येच नीट मांडून ठेवलंय, ते गोब्लँच्या विणकाम कारखान्यात रंगाई बघायचे. शेजारी गडद निळं घर असेल तर तुमचा क्रीम जास्त पिवळा वाटेल, हे आधीच कळलेलं बरं.

आता काम. फोटो उघडा, पॉलिगोनल लासो हे भाग निवडायचं टूल घ्या (गिंपमध्ये फ्री सिलेक्ट, त्यात क्लिक करत गेलं की सरळ रेषा पडतात) आणि भिंतीच्या कडेकडेने सिलेक्शन करा, खिडक्या, ग्रिल, कूलरचा स्टँड, पाण्याचे पाइप सोडून. हे कंटाळवाणं आहे पण इथे घाई केली की पुढचं सगळं खोटं दिसतं. मग नवीन लेयर (फोटोवरचा वेगळा थर), सिलेक्शनचा मास्क (म्हणजे रंग निवडलेल्या भागाबाहेर दिसत नाही), त्यात हवा तो रंग भरा आणि लेयरचा मोड, म्हणजे तो थर खालच्या फोटोत कसा मिसळायचा ते, मल्टिप्लाय करा.

मल्टिप्लायच काहून? नॉर्मल मोडमध्ये रंग भिंतीवर कागद चिकटवल्यासारखा बसतो, सावली, प्लास्टरचा खरखरीतपणा सगळं झाकून टाकतो. फोटोत उजेडाचा आकडा ० (काळा) ते २५५ (पूर्ण उजळ) असा असतो, मल्टिप्लाय भिंतीच्या आणि रंगाच्या आकड्यांचा गुणाकार करून २५५ ने भागतो, म्हणजे सावलीत भिंत १२८ असेल आणि तुमचा रंग २०० तर उत्तर साधारण १०० येतं, उजेडात २५५ असेल तर २०० च राहतं. म्हणून सावली सावलीच राहते आणि घर खरं वाटतं. एकच अडचण, मल्टिप्लायने रंग फक्त गडद होतो, उजळ होत नाही. भिंत आता गडद हिरवी असेल तर आधी त्या भागाचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) पूर्ण काढून तो करडा करा, लेव्हल्स या उजेड कमी-जास्त करायच्या टूलने उजळ करा, मगच वरून रंग.

कंपाउंड वॉल, सज्जे, पट्टे आणि ग्रिल यांचे लेयर वेगळे ठेवा, नावं देऊन. पट्टा बदलायचा असेल तर बाकी घराला हात लागत नाही. असे तीन-चारच पर्याय करा, वीस केले तर घरचे गोंधळतात आणि शेवटी पुन्हा क्रीमच येतो! आणि सगळे पर्याय घरच्यांना एकाच मोबाईलवर दाखवा, ब्राइटनेस सारखा ठेवून, वेगवेगळ्या स्क्रीनवर तोच रंग वेगळा दिसतो आणि भांडण उगाच.

पश्चिमेच्या भिंतीला माझं मत स्पष्ट आहे, फोटोत कितीही देखणा दिसला तरी गडद रंग नको. गडद रंग ऊन शोषतो, भिंत तापते, ती उष्णता रात्री खोलीत येते, आणि इथला पारा मे महिन्यात ४५ च्या पार जातो. गडद हवाच असेल तर सज्ज्याच्या खाली किंवा पोर्चच्या आतल्या बाजूला द्या, तिथे ऊन कमी लागतं आणि उठावही येतो.

फोटोत जमलेला रंग म्हणजे दुकानातला रंग नव्हे, स्क्रीन उजेड फेकते आणि भिंत तो परत पाठवते. म्हणून आयड्रॉपरने (फोटोतल्या रंगाचा आकडा दाखवणारं टूल) घेतलेला आकडा दुकानात सांगू नका, फोटो समोर ठेवून शेड कार्डातून जवळचे दोन शेड निवडा, त्यांचे नंबर लिहून घ्या, छोटे डबे आणा आणि खऱ्या भिंतीवर दोन बाय दोन फुटाचे पॅच मारायला लावा, दोन-दोन हात, एक उन्हाच्या बाजूला, एक सावलीत. ओला रंग बघून ठरवू नका, पूर्ण वाळू द्या, मग सकाळी, दुपारी आणि रात्री गेटचा लाइट लावून बघा. तिन्ही वेळेला पटला तो नंबर पेंटरला कागदावर लिहून द्या, सोबत लेयरवाल्या फोटोची एक प्रिंट, कोणता रंग कुठे ते बाण काढून.