आम्ल जमिनीत चुना टाकताय? आधी या चुका टाळा

कोकणातल्या जांभ्या जमिनीचा सामू (pH; 7 च्या खाली म्हणजे आम्ल) 5.2 आला की दोन गोष्टी हमखास होतात. "आम्लपावसानं जमीन बिघडली" असा निष्कर्ष निघतो आणि त्याच आठवड्यात चुन्याची पोती उतरतात. दोन्हीकडे घाई नडते.

आधी पावसाचं. आम्लपाऊस निरुपद्रवी नाही. त्यातलं सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल मातीच्या कणांवरचं कॅल्शियम-मॅग्नेशियम ढकलून खाली वाहून नेतं. सामू 5.5 च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळतं, मुळांची टोकं जाड आणि आखूड होतात, स्फुरद अडकून बसतं. पण तुमच्या शेतातलं आम्ल कुठून आलं, याचा हिशोब मांडा. स्वच्छ पावसाचा सामूही हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे 5.6 च्या आसपास असतो. समजा वर्षाला 3,000 मिमी पाऊस पडला आणि सगळाच्या सगळा 4.5 सामूचा. तरी त्यातलं थेट आम्ल मारायला हेक्टरी साधारण 47 किलो शुद्ध चुनखडी पुरते. उलट 100 किलो अमोनियम सल्फेटमुळे तयार होणारं आम्ल मारायला 110 किलो चुनखडी लागते, 100 किलो युरियासाठी 80 च्या घरात. जांभी जमीन मुळात शतकानुशतकांच्या मुसळधार पावसानं धुतलेली आहे, त्यावर आपण खतानं भर घालतो. म्हणून आभाळाकडे बघण्याआधी गेल्या पाच वर्षांची खतांची नोंद बघा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: सामूचा आकडा बघून चुन्याचं प्रमाण ठरवणं. सामू फक्त पाण्यात सुटलेलं आम्ल सांगतो. चिकणमातीच्या आणि सेंद्रिय पदार्थाच्या कणांना चिकटलेलं राखीव आम्ल त्यात दिसत नाही, आणि चुना खरा खर्च होतो तो त्या राखीव साठ्यावर. किनाऱ्यालगतची रेताड वाडी आणि आतल्या बाजूची चिकण, सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेली जमीन, दोन्हींचा सामू 5.2 असू शकतो आणि चुन्याची गरज कित्येक पटींनी वेगळी.

शेजाऱ्याचं प्रमाण उचललं की पुढचं ठरलेलं असतं. चिकण जमिनीत बसलेला डोस रेताडीत टाकला जातो. सामू 7 च्या वर जातो. महिन्या-दोन महिन्यांत कोवळी पानं शिरांमधून पिवळी पडतात, कारण लोह, जस्त, मँगनीज मुळांना मिळेनासं होतं. मग सूक्ष्मअन्नद्रव्यांची फवारणी सुरू होते. आहे ती पानं हिरवी होतात, नवी पालवी पुन्हा पिवळी. पुन्हा फवारणी. मूळ कारण जमिनीत बसलेलं असतं आणि टाकलेला चुना परत काढता येत नाही. कमी चुना पुढच्या वर्षी वाढवता येतो, जास्त झालेला वर्षानुवर्षं भोगावा लागतो.

म्हणून प्रयोगशाळेत नुसता सामू मागू नका. बफर चाचणी (राखीव आम्लही मोजणारी) करून "चुन्याची गरज" लिहून मागा. आकडा हेक्टरी टनात आला तर 1 टन म्हणजे गुंठ्याला 10 किलो. हेक्टरी 2 टनांच्या वर गरज निघाली तर दोन वर्षांत विभागून द्या, रेताड जमिनीत तर नक्कीच. आणि आकडा कशाचा आहे ते बघा: 100 किलो शुद्ध चुनखडीचं काम 56 किलो कळीचा चुना किंवा 74 किलो विरवलेला चुना करतो. हा फरक न पाहता पोत्याला पोतं धरणारे जास्त चुन्याच्या त्याच खड्ड्यात दुसऱ्या वाटेनं पडतात.

जिप्समनं सामू वाढत नाही. ते चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या जमिनीचं औषध आहे. आम्ल जमिनीत ते कॅल्शियम आणि गंधक देईल, खालच्या थरातल्या ॲल्युमिनियमचा त्रासही कमी करेल, पण चुन्याची जागा घेणार नाही.

खरीप भातासाठी चुन्यावर पैसे घालवू नका. खाचरात पाणी साचलं की मातीतला प्राणवायू संपतो, लोहाच्या संयुगांचं क्षपण होताना आम्ल खर्च होतं आणि काही आठवड्यांत सामू आपोआप 6.5 ते 7 कडे सरकतो. पाणी ओसरलं की तो पुन्हा उतरतो. चुन्याचा खरा उपयोग भातानंतरच्या वाल, भुईमूग, भाजीपाल्याला.

युरिया किंवा अमोनियम सल्फेटसोबत चुना कधीही मिसळू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. सुपर फॉस्फेटशीही नको.

मातीत खुपसायचे स्वस्त मीटर बाजूला ठेवा. 1 भाग माती, 2.5 भाग डिस्टिल्ड वॉटर, अधूनमधून ढवळून अर्धा तास ठेवा आणि 4 व 7 सामूच्या द्रावणांवर तपासून घेतलेल्या मीटरनं मोजा. विहिरीचं पाणी वापरलंत तर विहिरीचा सामू मोजाल. नमुना बांधाजवळचा, उकिरड्याजवळचा, ताज्या खताचा नको.

राहिली घाई. चुना वर फेकून पाऊस तो खाली नेईल, ही आशा सोडा. अमेरिकेत न्यू हॅम्पशरमधल्या हबर्ड ब्रुक जंगलात आम्लपावसानं कॅल्शियम झिजलं होतं. हवेतलं गंधक कमी झाल्यावरही माती लवकर सावरेना. 1999 साली 11.8 हेक्टरच्या पाणलोटावर हेलिकॉप्टरनं चुन्यासारखंच आम्ल मारणारं कॅल्शियम सिलिकेट टाकलं. आधी पालापाचोळ्याच्या थराचा सामू चढला, खालच्या खनिज थरात परिणाम पोचायला वर्षं गेली. जंगलात नांगर चालवता येत नाही, तुमच्याकडे येतो. बारीक दळलेली चुनखडी ओल असताना वरच्या 15 सेंटीमीटरमध्ये नीट मिसळा आणि पेरणीआधी तीन-चार आठवडे जाऊ द्या. भरड दाणे वर्षभर तसेच पडून राहतात. उभ्या बागेत मुळं न तोडता फक्त वरचा थर हलवा आणि डोस लहान ठेवा. पुढचा नमुना वर्षानं, त्याच महिन्यात, तेवढ्याच खोलीवरून घ्या. पावसाळ्याआधी आणि नंतर सामू वेगळा येतो, मग चुन्यानं किती फरक पडला ते कळत नाही.